मागणी नेमकी कोणाकडे? मुक्त सॉफ्टवेअरचा इतिहास आणि वापरकर्त्याचा हक्क



चळवळीत काम करणाऱ्या तरुणांच्या हातात आज जी साधने आहेत, त्यातली बरीचशी एक पैसाही न मोजता आलेली आहेत. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स, पत्रकासाठी लिबरऑफिस, पोस्टरसाठी इंकस्केप नाहीतर गिंप, भाषणांचे व्हिडिओ पाहायला व्हीएलसी. आणि ही साधने जिथे वापरली जातात तिथे एक वाक्य हमखास ऐकू येते, "यात अमुक सोय नाही, ती त्यांनी द्यायला पाहिजे." हे 'त्यांनी' म्हणजे कोण, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही.

मागणी करायला आपल्याला कोणी शिकवण्याची गरज नाही. आपल्या वाट्याला जे आले ते मागूनच आले, हात पसरून नव्हे तर हक्क सांगून. पण हक्क सांगणाऱ्याला समोर कोण उभा आहे हे आधी ओळखावे लागते. सत्ता ज्याच्या हातात आहे त्याच्याकडे केलेली मागणी आणि रात्री जागून बिनपगारी काम करणाऱ्या माणसावर टाकलेला दबाव या दोन गोष्टींना एकच शब्द लावला, तर त्याचा फायदा तिसराच कोणीतरी उचलतो. मुक्त सॉफ्टवेअरच्या गेल्या चार दशकांत नेमके हेच घडले आहे.

या इतिहासाची सुरुवातच मुळी एका नाकारलेल्या सोयीपासून होते. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन १९७१ पासून काम करीत होते. तिथला प्रिंटर अनेकांत मिळून एक. तो लांब ठेवलेला, आणि त्यात कागद अडकला की सगळ्यांचेच काम खोळंबायचे. स्टॉलमन यांनी जुन्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये बदल करून एक साधी सोय केली होती. कागद अडकला की छपाईची वाट पाहणाऱ्यांच्या पडद्यावर निरोप जाई, मग कोणीतरी उठून तो सोडवी. १९८० च्या सुमारास झेरॉक्स कंपनीने नवा लेझर प्रिंटर दिला. तो वेगवान होता, पण कागद त्यातही अडके, आणि त्याचा सोर्स कोड कंपनीने दिलेला नव्हता. म्हणजे तीच सोय पुन्हा करायची तर दारच बंद. दुसऱ्या एका विद्यापीठातील ज्या संशोधकाकडे तो कोड होता त्याच्याकडे स्टॉलमन स्वतः गेले. त्याने नकार दिला, कारण कोड कोणाला देणार नाही असे तो कंपनीला लिहून देऊन बसला होता.

इथे नीट पाहिले पाहिजे. स्टॉलमन कंपनीला "ही सोय तुम्ही करून द्या" असे म्हणत नव्हते. सोय करण्याची अक्कल आणि तयारी त्यांच्याकडे होती. अडवला गेला होता तो हात घालण्याचा अधिकार. ज्ञान आहे, कौशल्य आहे, गरज आहे, पण शिवायची परवानगी नाही, ही अवस्था काय असते हे आमच्या वाचकांना वेगळे समजावून सांगायला नको.

२७ सप्टेंबर १९८३ रोजी त्यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, जानेवारी १९८४ मध्ये एमआयटीची नोकरी सोडली, १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन स्थापन झाले आणि १९८९ मध्ये जीपीएल हा परवाना आला. या परवान्यामागचे हक्क चार आहेत. प्रोग्रॅम कोणत्याही कामासाठी वापरता येणे, तो उघडून समजून घेता येणे व बदलता येणे, त्याच्या प्रती वाटता येणे, आणि आपण बदललेल्या प्रतीही वाटता येणे. यात कुठेही "मागाल ती सोय करून मिळेल" असे लिहिलेले नाही. उलट त्याच परवान्यात ठळक मोठ्या अक्षरांत सांगितले आहे की हा प्रोग्रॅम आहे तसा दिला जात आहे, त्याची कसलीही हमी नाही.

इंग्रजीत 'फ्री' या शब्दाने या चळवळीचा फार घोळ केला. आपल्या भाषेला ती अडचण नाही, आपल्याकडे 'मुक्त' वेगळे आणि 'फुकट' वेगळे. स्टॉलमन स्वतः त्या काळात ईमॅक्स या आपल्या प्रोग्रॅमची टेप १५० डॉलरला विकत असत आणि त्यात त्यांना काही विसंगत वाटत नव्हते. १९८९ मध्ये अमेरिकेत सिग्नस नावाची कंपनी निघाली. तिचा धंदा असा की प्रोग्रॅम मुक्तच राहील, पण त्यात तुम्हाला हवी ती सुधारणा आम्ही करून देऊ, तिचे पैसे द्या. म्हणजे सोय हवी असेल तर त्या श्रमाचे मोल मोजायचे, ही गोष्ट या जगात पहिल्यापासून मान्य होती. दहा वर्षांनी, १९९९ मध्ये, रेड हॅटने ती कंपनी विकत घेतली.

लिनक्सची गोष्ट तर वापरकर्त्याला प्रश्न विचारूनच सुरू होते. २५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने एक संदेश प्रसिद्ध केला. आपण हौस म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टीम लिहीत आहोत, लोकांना त्यात कोणत्या सोयी हव्यात ते सांगावे, सगळ्या सूचनांचे स्वागत आहे, पण त्या करीनच असे वचन देत नाही, असा त्याचा आशय होता. त्याच वर्षीच्या डिसेंबरात जर्मनीतील एका वापरकर्त्याने अडचण कळवली की त्याच्या संगणकात फक्त दोन मेगाबाइट मेमरी आहे आणि तेवढ्यात काम भागत नाही. टोरवाल्ड्स यांना स्वतःला त्या सोयीची गरज नव्हती. तरी नाताळच्या सुट्टीत बसून त्यांनी, मेमरी अपुरी पडली की डिस्कचा वापर करण्याची सोय लिहिली. कमी ऐपतीच्या संगणकावर लिनक्स चालू शकण्याची जी ख्याती पुढे झाली तिच्या मुळाशी अशी एक मागणी आहे. आणि मोबदला? पैशांऐवजी पोस्टकार्ड पाठवा, असे ते लोकांना सांगत. जगभरातून पोस्टकार्डे येत राहिली.

म्हणून "वापरकर्त्याने गप्प बसावे" असे आम्ही अजिबात म्हणत नाही. १९९७ मध्ये डेबियन या प्रकल्पाने आपला सामाजिक करार जाहीर केला, त्यात वापरकर्ते आणि मुक्त सॉफ्टवेअर हेच आमचे अग्रक्रम असतील असे लेखी कबूल केले. एप्रिल २०११ मध्ये ग्नोम या डेस्कटॉपची तिसरी आवृत्ती आली आणि लोकांच्या अंगवळणी पडलेली मांडणी तिने मोडली. खुद्द टोरवाल्ड्स यांनी जाहीर संताप व्यक्त करून दुसरा डेस्कटॉप धरला. अर्जेंटिनातल्या एका वापरकर्त्याने नुसता संताप केला नाही. त्याने ग्नोमची जुनी दुसरी आवृत्ती उचलली आणि तिच्यातून 'माते' हा स्वतंत्र डेस्कटॉप उभा केला. तिकडच्या लोकांच्या आवडत्या पेयावरून त्याचे नाव ठेवले. याला फोर्क म्हणतात. पटत नसेल तर वेगळी चूल मांडता येते आणि जाताना भांडीकुंडीही नेता येतात, हा हक्क कोणत्याही बंदिस्त सॉफ्टवेअरने आजवर दिलेला नाही.

पण या हक्कालाही एक पोकळ बाजू आहे. मागणी घेऊन आलेल्या माणसाला "कोड उघडा आहे, स्वतः दुरुस्त कर" असे तोंडावर फेकणारे महाभाग या जगात पैशाला पासरी आहेत. स्वतः दुरुस्त करायला काय लागते? रिकामा वेळ, बरा संगणक, इंग्रजी, आणि पोटाची चिंता मिटलेली असणे. गिटहबने २०१७ मध्ये केलेल्या सर्वेक्षणात उत्तर देणाऱ्यांपैकी सुमारे ९५ टक्के पुरुष होते. घरचे सगळे उरकून रात्री अकरा वाजता मोकळी होणारी बाई हौसेखातर कोड कधी लिहिणार? दार उघडे आहे एवढ्याने आत येणे सर्वांना सारखेच सोपे होत नाही. 'गुणवत्ता' हा शब्द या मंडळींच्या तोंडी फार असतो, आणि त्या शब्दाशी आपली जुनी ओळख आहे.

तरीही ज्यांना बाजाराने दाराबाहेर ठेवले, त्यांनी हेच उघडे दार वापरून काय केले त्याचे एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. अंध व्यक्तीला संगणक वापरायचा तर पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्रॅम लागतो. असे प्रोग्रॅम बाजारात होते, पण त्यांची किंमत अनेकदा संगणकाच्या किमतीपेक्षा जास्त. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने एनव्हीडीए नावाचा मुक्त प्रोग्रॅम लिहायला घेतला. त्याचा मित्र जेम्स तेह, तोही अंध, त्याला येऊन मिळाला आणि दोघांनी त्यासाठी ना-नफा संस्था काढली. पुढे जगभरच्या अंध वापरकर्त्यांनी तो आपापल्या भाषांत नेला. इथे मागणारा आणि करणारा यांच्यातली भिंतच पडली. काय हवे आहे हे वापरणाऱ्याला जितके कळते तितके दुसऱ्या कोणाला कळत नाही.

मराठीचेही तसेच आहे. 'दर्या' आणि 'दऱ्या' यातला फरक फिनलंडमधल्या किंवा कॅलिफोर्नियातल्या माणसाला कसा कळणार? आधी समुद्र, मग डोंगरांमधले खोलगट भाग. हिंदीला या दुसऱ्या अर्ध्या र ची गरज पडत नाही, त्यामुळे देवनागरी म्हणजे हिंदी असे धरून चालणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही. ॲडव्होकेटचा ॲ घ्या. या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतःची जागा मिळाली ती २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत. तोवर अ वर चंद्र चढवून भागवावे लागे आणि अनेक ठिकाणी तो चंद्र अ वर न बसता बाजूला ठिपक्यांच्या वर्तुळावर जाऊन बसे. ल आणि श ही अक्षरेही मराठीत वेगळ्या वळणाची असतात. रेड हॅटने लोहित हे फाँट मुक्त परवान्याखाली खुले केले, त्यात मराठीसाठी वेगळी सोय झाली. ही कामे कोणा कंपनीच्या मालकाला रात्री स्वप्न पडून झाली नाहीत. ही भाषा वाचणाऱ्या लोकांनी चूक दाखवली, नमुना दिला, पाठपुरावा केला, काहींनी स्वतः केले.

अशी मागणी करणे हेही काम आहे. कोणती आवृत्ती, काय टंकले, काय दिसले, काय दिसायला हवे होते, आणि का. एवढे नीट लिहून देणारा माणूस मेंटेनरचे, म्हणजे प्रकल्पाची देखभाल करणाऱ्याचे, अर्धे काम हलके करतो. "मराठी नीट दिसत नाही, लवकर करा" एवढेच लिहिणारा त्याचे काम वाढवतो. आपल्या पोरांनी पहिल्या प्रकारचे लेखन शिकावे असे आम्हाला मनापासून वाटते. त्याला कोड लिहिता यावा लागत नाही.

आता या इतिहासाची दुसरी बाजू. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मुक्त सॉफ्टवेअरचा सर्वात मोठा वापरकर्ता बदलला. तो विद्यार्थी राहिला नाही, संशोधक राहिला नाही. बँका, फोन कंपन्या, मोटार कंपन्या, सरकारे आणि जगातल्या सर्वात श्रीमंत तंत्रज्ञान कंपन्या आता त्यावर उभ्या आहेत. मागणीची भाषा मात्र तीच राहिली, आणि ज्याच्याकडे मागायचे तो माणूसही बहुधा तोच एकटा राहिला.

एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या प्रोग्रॅममधली हार्टब्लीड नावाची चूक उघडकीला आली. बँकेचा पासवर्ड तुमच्या यंत्रापासून बँकेपर्यंत सुरक्षित नेणाऱ्या यंत्रणेचा हा कणा. चूक आली होती ती २०१२ च्या आवृत्तीत घातलेल्या एका नव्या सोयीतून. सोय एका संशोधक विद्यार्थ्याने लिहून दिली आणि प्रकल्पातल्या एका माणसाने तपासली. त्या वेळी या प्रकल्पात पूर्णवेळ काम करणारा माणूस एकच होता आणि वर्षाला मिळणाऱ्या देणग्या होत्या सुमारे दोन हजार डॉलर. अब्जावधींचे व्यवहार त्यावर करणाऱ्यांना त्याआधी कधी आठवण झाली नव्हती. बोंब झाल्यावर गूगल, फेसबुक, मायक्रोसॉफ्ट, ॲमेझॉन वगैरे कंपन्यांनी लिनक्स फाउंडेशनच्या पुढाकाराने निधी उभारला, प्रत्येकीने वर्षाला एक लाख डॉलर याप्रमाणे तीन वर्षे.

डिसेंबर २०२१ मध्ये तीच कथा लॉगफोरजे या प्रोग्रॅमची. यातला धोका ज्या सोयीत होता ती सोय २०१३ मध्ये एका वापरकर्त्याच्या मागणीवरून आत आली होती. मागणारा निघून गेला, सोय राहिली. देखभाल करणाऱ्यांना ती आवडत नव्हती, पण काढून टाकली तर जुन्या वापरकर्त्यांचे काम मोडेल म्हणून ठेवावी लागली. धोका फुटल्यावर हे स्वयंसेवक दिवसरात्र दुरुस्तीला बसले आणि जगभरातून शिव्या खात राहिले. त्यांच्यापैकी एकाने तेव्हा जाहीरपणे लिहिले की ज्या कामाचे आम्हाला पैसे मिळत नाहीत, आणि जी सोय आम्हालाच नको होती, तिच्यासाठी आम्हाला झोडपले जात आहे.

त्यानंतर सुमारे सहा आठवड्यांनी स्वीडनमधील डॅनियल स्टेनबर्ग यांना एका धनाढ्य कंपनीची ईमेल आली. स्टेनबर्ग कर्ल हा प्रोग्रॅम १९९८ पासून सांभाळतात, आणि तो फोनपासून मोटारींपर्यंत सगळीकडे आहे. लॉगफोरजेचा तुमच्यावर काय परिणाम झाला, याची उत्तरे २४ तासांत द्या, असा त्या पत्राचा सूर. कर्लचा लॉगफोरजेशी काही संबंधच नव्हता. कंपनीने स्टेनबर्ग यांना कधी एक पैसा दिलेला नव्हता. त्यांनी शांतपणे कळवले की तुम्ही देखभालीचा करार केलात की सगळी उत्तरे आनंदाने देईन. मागणीला द्यायचे इतके स्वच्छ उत्तर आमच्या पाहण्यात क्वचितच आले असेल.

याला वेठ म्हणावे का? शब्द जिभेवर येतो खरा. सगळ्या गावाने कामे सांगायची आणि मोबदल्याचा विषय काढला की गावाने कानावर हात ठेवायचे, ही रीत आपल्या आज्या-पणज्यांनी भोगली आहे. पण तुलना ओढून-ताणून पुरी करण्यात अर्थ नाही. मेंटेनर काम सोडून जाऊ शकतो आणि वतनातला माणूस जाऊ शकत नव्हता. मेंटेनरला कोणी विटाळ मानत नाही, उलट त्याला मान असतो. सारखेपणा आहे तो एवढाच की काम घेणाऱ्याची संख्या अफाट, काम करणारा एक, आणि 'सेवा' या गोड शब्दाखाली हिशेब झाकला जातो.

या झाकलेल्या हिशेबाचा कोणी कसा वापर करू शकतो ते एक्सझेड प्रकरणाने दाखवले. एक्सझेड हा फाइल दाबून लहान करणारा प्रोग्रॅम. जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असतो, आणि त्याचे नाव सामान्य वापरकर्त्याने ऐकलेलेही नसते. फिनलंडमधील लासे कॉलिन तो वर्षानुवर्षे एकट्याने सांभाळत होते. २०२१ च्या अखेरीस 'जिया टॅन' नावाने कोणीतरी मदत करायला पुढे आले. २०२२ च्या एप्रिल ते जूनमध्ये आणखी काही नावांनी तक्रारी सुरू झाल्या. सुधारणा इतके दिवस पडून का आहेत, तुम्हाला रस उरला नसेल तर नवा माणूस नेमा, तुम्ही सगळ्यांना अडवून धरले आहे. त्यातले एक नाव 'जिगर कुमार', वाचून आपल्याकडचाच कोणी वाटावा असे. ही नावे त्यापूर्वी कुठे दिसली नव्हती आणि नंतरही दिसली नाहीत. दबाव आणण्यासाठीच ती तयार केली असावीत, असे तपासणाऱ्यांचे मत आहे. कॉलिन यांनी उत्तर दिले की रस गेलेला नाही, पण बराच काळ मानसिक आरोग्याच्या अडचणी आहेत, आणि हे बिनपगारी हौसेचे काम आहे हे लक्षात ठेवावे. या उत्तरानंतरही तगादा थांबला नाही.

जिया टॅनच्या हातात हळूहळू सूत्रे गेली. २०२३ मध्ये नव्या आवृत्त्या तोच काढू लागला. फेब्रुवारी आणि मार्च २०२४ मध्ये निघालेल्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत त्याने चोरवाट बसवली, जिच्यातून दूरच्या सर्व्हरमध्ये शिरता आले असते. मग वेगवेगळ्या लिनक्स प्रकल्पांकडे आग्रह सुरू झाला की यात छान नव्या सोयी आहेत, ही आवृत्ती लवकर घ्या. २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने हे उघड केले. सर्व्हरवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, हे त्याला खटकले होते. चोरवाट तोवर चाचणीच्या आवृत्त्यांपर्यंत पोचली होती, सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या स्थिर आवृत्त्यांत उतरली नव्हती.

या कटात एकाही भिंतीला भोक पाडलेले नव्हते. वापरकर्त्याची अपेक्षा, वापरकर्त्याची घाई, वापरकर्त्याचा राग, एवढेच साहित्य वापरले होते. आणि ते वेगळे ओळखू आले नाही, कारण रोजचे खरे वापरकर्तेही त्याच भाषेत बोलत होते.

जिया टॅन या नावामागे कोण होते हे उघड झालेले नाही. साफसफाई लासे कॉलिन यांनीच केली. सुट्टीवर असताना बातमी कळली, तेव्हापासून त्यांनी एकेक बदल पुन्हा तपासला आणि २९ मे २०२४ रोजी चोरवाट काढलेली ५.६.२ ही आवृत्ती प्रसिद्ध केली.

जय भीम!